पुनर्विकासाआधी जुन्या करवंदीची रोपे छाट कलमाने करता येतील का?

पार्लेवासी (विलेपार्ले पूर्व)

सर्व सभासदांना नमस्कार.

आमची इमारत पुनर्विकासासाठी देण्याचे ठरले असून दिवाळीनंतर सर्वांनी घरे रिकामी करायची आहेत. इमारतीच्या मागच्या कुंपणाला लागून करवंदीची एक जुनी जाळी आहे. ती मुद्दाम लावली की आपोआप उगवली, हे आता कोणालाच सांगता येत नाही. परंतु तिच्या फळाला तोड नाही. करवंदे बाजारातल्यापेक्षा ठळक मोठी असतात, पूर्ण पिकल्यावर चीक फारसा जाणवत नाही आणि आंबटपणा बेताचा असतो. कच्च्या करवंदांचे लोणचे दरवर्षी इमारतीतल्या अनेक घरांत पडते, आणि चावलेले करवंद आतून लाल निघाले की ‘कोंबडा’, पांढरे निघाले की ‘कोंबडी’ हा खेळ आमच्याकडची मुले आजही खेळतात. नव्या आराखड्यात त्या जागी वाहनतळ दाखवलेला आहे, त्यामुळे जाळी तिथे राहणार नाही हे उघड आहे.

बियांपासून रोपे सहज होतात याची मला कल्पना आहे. परंतु बियांच्या रोपाला याच झाडाची फळे लागतील याची खात्री नसते, आणि मला नेमके हेच झाड पुढे न्यायचे आहे. म्हणून छाट कलमाचा, म्हणजे कापलेली फांदी रोवून तिला मुळ्या आणण्याचा, विचार करीत आहे.

युरोपात गूजबेरीची झुडपे कशी वाढवतात, याविषयी मी बरेच वाचले. तिथे पानगळ झाल्यावर त्याच वर्षी वाढलेल्या फांदीचे २५ ते ३० सेंटीमीटर लांबीचे तुकडे घेतात, झुडूप पुढे एका खोडावर उभे राहावे म्हणून खालचे डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) काढून टाकतात, आणि तुकडे उघड्या वाफ्यात अर्धेअधिक खोचून ठेवतात. पुढच्या पानगळीपर्यंत त्यांची हलवण्याजोगी रोपे झालेली असतात. गूजबेरीही काटेरी, झुडूपवजा आणि आंबट फळाची. तेव्हा हीच रीत करवंदीला लागू पडेल का? पडत असल्यास मुंबईत फांद्या कोणत्या महिन्यात घ्याव्यात, किती जाडीच्या घ्याव्यात आणि मुळ्या फुटण्यास मदत करणारे संजीवक लावणे आवश्यक आहे का? सध्या झाडावर शेवटची करवंदे पिकत आहेत, आणि माझ्या हातात हा एकच पावसाळा आहे.

मुलुंडची बाग

नमस्कार. आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण इमारत जाताना तिथल्या झाडाची वंशवेल पुढे नेण्याचा विचार फार थोडे लोक करतात.

गूजबेरीची रीत करवंदीला जशीच्या तशी लागू पडणार नाही, आणि त्याचे कारण दोन्ही झाडांच्या वर्षक्रमात आहे. गूजबेरी हे थंड प्रदेशातले पानझडी झुडूप आहे. हिवाळ्यापूर्वी ते आपले अन्न फांद्यांमध्ये साठवते आणि पाने गाळून झोपी जाते. अशा वेळी कापलेल्या फांदीला पानेच नसल्यामुळे तिच्यातून पाणी उडून जात नाही, साठवलेले अन्न तिला कित्येक महिने पुरते, आणि थंड ओलसर मातीत ती सावकाश मुळ्या धरते. थंडीची ही झोप झाडाला इतकी आवश्यक असते की ती न मिळाल्यास गूजबेरी नीट फुटत नाही व फळतही नाही, म्हणूनच ते झुडूप मुंबईत होत नाही. करवंदी मात्र सदाहरित आहे. ती आपल्याकडच्या हिवाळ्यात झोपत नाही, उलट त्याच सुमारास तिला फुलोरा येऊ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मुंबईची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. तेव्हा पाने ठेवून फांदी लावली तर ती सुकते आणि सगळी पाने काढली तर तिच्याजवळ पुरेशी शिदोरी नसते.

त्यामुळे आपला हंगाम पावसाळ्याचा, त्यातही जुलै आणि ऑगस्ट. या दोन महिन्यांत हवेतच इतका दमटपणा असतो की रोपवाटिकेत जे काम फवाऱ्यांनी करावे लागते ते निसर्ग करून देतो.

फांदी कोणती घ्यावी याला मी महिन्याहूनही अधिक महत्त्व देईन. जुन्या, फळे देणाऱ्या झाडाच्या शेंड्याकडच्या फांद्या सहसा मुळ्या धरत नाहीत. जे कुंपण वारंवार छाटले जाते, किंवा जे झाड बुंध्याजवळ कापल्यावर पुन्हा फुटते, त्याच्या जोमदार नव्या फुटव्यांना तुलनेने लवकर मुळ्या येतात. आपण असे करावे: करवंदे संपली की जाळीच्या एका बाजूच्या दोन-तीन जाड फांद्या जमिनीपासून हातभर उंचीवर कापाव्यात. पाऊस लागताच तिथून सरळ कोंब येतील. ऑगस्टमध्ये हे कोंब बुडाशी हिरवटपणा सोडून तपकिरी होऊ लागले, वाकवल्यावर लवचीक वाटले पण कोवळ्या देठासारखे मोडले नाहीत, म्हणजे ते योग्य झाले असे समजावे.

पेन्सिलीच्या जाडीचे, १५ ते २० सेंटीमीटर लांबीचे तुकडे धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) घ्यावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली असावा. वरची चार पाने ठेवून बाकीची काढावीत. कापातून पांढरा चीक येतो. तो कापावर वाळून तोंड बंद करतो आणि करवंदीला मुळ्या न फुटण्याचे तेच मुख्य कारण आहे. म्हणून तुकडे चीक थांबेपर्यंत पाण्यात उभे ठेवावेत, टोक पुसून कोरडे करावे आणि मग आयबीए हे संजीवक असलेली भुकटी लावावी. ही भुकटी कोवळ्या, अर्धपक्व आणि पक्व फांद्यांसाठी वेगवेगळ्या तीव्रतेची मिळते. आपण अर्धपक्व फांदीची घ्यावी. करवंदीच्या बाबतीत संजीवक वगळू नये.

माध्यम म्हणून जाड रेती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मे-निम्मे घ्यावे. शेणखत किंवा बागेतली माती या टप्प्यावर नको, कारण त्यात फांदी कुजते. कुंडीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी काड्यांच्या आधाराने तंबूसारखी घालावी, कुंडी सावलीत पण उजेडात ठेवावी आणि दिवसातून एकदा पिशवी थोडा वेळ उघडावी. पाने ताजी दिसली म्हणून फांदी उपटून पाहण्याचा मोह टाळावा. नवा फुटवा येऊन त्याची पाने पूर्ण आकाराची होईपर्यंत थांबावे.

इतके सगळे करूनही बहुतेक फांद्या सुकतील असे गृहीत धरूनच भरपूर फांद्या लावाव्यात.

नेरळचा माळी

वर मुलुंडच्या सभासदांनी हंगाम आणि फांदीची निवड याबद्दल जे लिहिले आहे ते अगदी योग्य आहे. चिकाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. पांढरा चाफा आणि कण्हेर ही दोन्ही झाडे करवंदीच्याच कुळातली असून दोघांनाही भरपूर चीक असतो. तरी चाफ्याची मनगटाएवढी फांदी काही दिवस सुकवून रोवली की जगते, आणि कण्हेरीला नुसत्या पाण्यातही मुळ्या येतात. अंजिराच्या फांदीतूनही चीक वाहतो, आणि अंजिराची लागवड तर सर्रास छाट कलमांनीच होते. तेव्हा चीक पुसून घ्यावा हे बरोबर, पण दोष त्याच्या माथी मारू नये. करवंदीच्या पक्व लाकडाचा स्वभावच मुळ्या फोडण्याचा नाही, आणि झाड जितके जुने तितका हा स्वभाव अधिक हट्टी होतो.

या कारणामुळे माझा आग्रह असा आहे की आपण सगळी भिस्त छाट कलमावर ठेवू नये. आपल्याजवळ झाड एकच आहे आणि पावसाळाही एकच आहे. अशा वेळी गुटी कलम करावे. छाट कलमात फांदी प्रथम आईपासून तुटते आणि मग तिने मुळ्या धरायच्या असतात. तेवढ्या दिवसांत ती उपाशी मरते. गुटीत ती आईच्या अंगावर राहूनच मुळ्या धरते आणि मग वेगळी होते. मुळ्या आल्या नाहीत तर नुकसान त्या एका फांदीपुरतेच राहते.

पाऊस नीट बसला की, म्हणजे जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, गुटी बांधाव्यात. गेल्या वर्षी वाढलेली, पेन्सिलीपेक्षा जाड आणि करंगळीच्या आसपासची निरोगी फांदी निवडावी. शेंड्यापासून हात-दीड हात मागे, डोळ्याच्या लगेच खाली, चाकूने फांदीभोवती दोन गोल काप द्यावेत. दोन कापांमध्ये साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर अंतर असावे. उभी चीर देऊन मधली साल अंगठीसारखी काढून घ्यावी. पावसाळ्यात ती सहज सुटून येते. साल काढल्यावर लाकडावर बोटाला बुळबुळीत लागणारा एक पातळ थर राहतो. चाकूच्या पाठीने तो पूर्ण खरवडून काढावा आणि खालचे लाकूड पांढरे, कोरडे दिसू द्यावे. हा थर राहिला तर झाड आठ-पंधरा दिवसांत साल पुन्हा जोडून घेते आणि गुटीला मुळ्या येतच नाहीत. पानांनी केलेले अन्न सालीतून खाली उतरते आणि वरच्या कापाशी अडते, मुळ्याही तिथूनच फुटतात. म्हणून संजीवक फक्त वरच्या कडेला लावावे.

मॉस (ओलावा धरून ठेवणारे वाळलेले शेवाळ) आधी पाण्यात चांगले भिजवावे आणि मग मुठीत धरून पाणी ठिबकायचे थांबेपर्यंत पिळावे. मूठभर मॉस कापाभोवती घट्ट बसवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळावे आणि दोन्ही टोके सुतळीने बांधावीत. मुंबईचा पाऊस फांदीवरून ओघळत येतो आणि वरच्या गाठीतून आत शिरतो. वरची गाठ सैल असेल तर मॉस सडते व साल काळी पडते. त्यामुळे वरच्या टोकाला प्लास्टिकचे दोन-तीन वेढे अधिक द्यावेत. चकाकणारे प्लास्टिक कावळे फाडतात, शिवाय मुळ्यांना अंधार मानवतो, म्हणून त्यावर जुन्या कापडाची किंवा गोणपाटाची पट्टी बांधावी आणि पाहणी करायची तेव्हा ती सोडावी.

मुळ्या यायला दोन ते तीन महिने लागतात. प्लास्टिकमधून प्रथम पांढऱ्या मुळ्या दिसतात. त्या दिसल्या की लगेच फांदी कापण्याची घाई होते, पण थांबावे. मुळ्यांना फाटे फुटून त्या तपकिरी होऊ लागल्या की गुटीच्या खाली फांदीला अर्ध्यापर्यंत खाच द्यावी आणि आठ-दहा दिवसांनी ती पूर्ण कापावी. प्लास्टिक हळूच सोडावे, मॉस मात्र मुळ्यांवरून ओरबाडू नये, ते तसेच मातीत जाऊ द्यावे. सप्टेंबरच्या अखेरीस ही रोपे पिशव्यांत गेली तर आपल्या दिवाळीच्या मुदतीपर्यंत ती बऱ्यापैकी सावरलेली असतील.

एक सूचना: सगळ्या गुटी एकाच फांदीवर न बांधता जाळीच्या सर्व बाजूंनी बांधाव्यात, आणि ज्या बाजूच्या फांद्या फुटव्यांसाठी कापणार असाल ती बाजू आधीच ठरवून ठेवावी.

डोंबिवलीची गच्ची

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. त्यात थोडी भर घालते.

करवंदीची जाळी जमिनीलगत पसरते, त्यामुळे तिला दाब कलमही चालते, आणि माझ्या मते घरच्या घरी करण्यास तेच सर्वांत सोपे आहे. खालची लवचीक फांदी वाकवून, जिथे ती जमिनीला टेकते तिथे खालच्या बाजूने तिरका काप द्यायचा, कापात लहानशी काडी अडकवायची, तो भाग मातीत पुरून वर दगड ठेवायचा आणि शेंडा बाहेर राहू द्यायचा. इमारतीच्या आवारात बहुधा फरशी किंवा पेव्हर ब्लॉक असतील. तसे असल्यास फांदीखाली मातीने भरलेली कुंडी ठेवून तिच्यातच दाब घ्यावा. मुळ्या धरल्यावर फक्त मागची फांदी कापायची, रोप आपोआप कुंडीत तयार असते आणि त्याच्या मुळ्यांना धक्काही लागत नाही. गूजबेरीलाही हा प्रकार मानवतो, म्हणजे आपण वाचलेल्या माहितीतला हा एक भाग इथे उपयोगी पडेल.

बिया मात्र टाकून देऊ नयेत. पूर्ण पिकलेल्या करवंदांच्या बिया धुऊन, सावलीत थोड्या सुकवून लगेच पेराव्यात. त्या जास्त दिवस ठेवल्या तर उगवत नाहीत. फळात फरक पडेल हे खरे, पण आईच्या गुणांची काही रोपे त्यातही निघू शकतात, आणि दोन-तीन वर्षांत फळ धरल्यावर आपल्याला पारख करता येईल.

कोणी आपल्याला रोपवाटिकेतून तयार रोप घेण्याचा सल्ला देईल. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची करवंदाची जात दिलेली आहे आणि नवी लागवड करणाऱ्याने ती अवश्य पाहावी. मात्र शहरातल्या काही ठिकाणी करवंद म्हणून शोभेचे नाताळ प्लम हे झुडूप दिले जाते. त्याची पाने जाड व चकचकीत असतात, काटा टोकाशी दुभंगलेला असतो आणि फळ पिकल्यावर काळे न होता लाल होते. लोणच्यासाठी ते आपल्या करवंदाची जागा घेऊ शकत नाही.

याशिवाय, मूळ जाळीच मुळांसकट हलवण्याचा विचार असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्यात आधी चौकशी करावी. मुंबईत झाडे तोडणे किंवा हलवणे हे १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीने होते आणि पुनर्विकासाच्या प्रस्तावात आवारातील झाडांची यादी द्यावी लागते. आपली जाळी त्या यादीत आली आहे की नाही, हे सोसायटीच्या समितीकडून पाहून घ्यावे.

पार्लेवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुटी, कुंडीतला दाब आणि फुटव्यांची छाट कलमे हे तिन्ही प्रकार मी करणार आहे आणि त्यात गुटीवर अधिक भर देईन. समितीकडे झाडांची यादी मागितली आहे. बिया जमवण्याचे काम मुलांनी अंगावर घेतले आहे.

आता पुढचा प्रश्न. नवी इमारत उभी राहीपर्यंत आम्ही अंधेरीत भाड्याच्या घरात राहणार आहोत. तिथे पूर्वेकडे तोंड असलेली बाल्कनी आहे आणि ऊन सकाळपुरतेच येते. रोपांना तेवढे पुरेल का? कुंडीत ती किती वर्षे राहू शकतील? आणि उंदीर-घुशींपासून काही धोका आहे का?

मुलुंडची बाग

चाफा आणि अंजिराची उदाहरणे रास्त आहेत. चिकाला मी अधिक महत्त्व दिले होते, नेरळच्या सभासदांचे म्हणणे मला पटले.

पहिल्या वर्षी सकाळचे ऊन पुरेसे आहे, किंबहुना ऑक्टोबरच्या उन्हात नव्या रोपांना दुपारची सावली मिळालेली बरी. मुळ्या पिशवीभर पसरल्यावर मात्र करवंदीला पाच-सहा तासांचे ऊन लागते. त्याहून कमी उन्हात ती हिरवीगार राहते पण फुलत नाही. नातेवाइकांपैकी कोणाकडे गच्ची असेल तर निम्मी रोपे तिथे ठेवावीत. सर्व रोपे एकाच जागी न ठेवण्याचा आणखी एक लाभ असा, की एका घरी काही बिघडले तरी वाण नाहीसे होत नाही. इमारतीतल्या ज्या कुटुंबांना लोणच्याची आवड आहे त्यांना एकेक रोप आताच नावाने देऊन ठेवावे. प्रत्येकजण आपले रोप अधिक काळजीने जपेल.

कुंडी शेवटी १६ ते १८ इंचांची लागेल, पण थेट तेवढ्या मोठ्या कुंडीत रोप लावू नये. लहान रोपाभोवतीची जास्तीची माती ओली राहते आणि करवंदी पाण्याच्या ताणाला जितकी सोशिक, तितकीच साचलेल्या पाण्यापुढे नाजूक असते. दोन भाग माती, एक भाग रेती आणि एक भाग जुने शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. मोठ्या कुंडीत ती अनेक वर्षे राहते, दर दोन-तीन वर्षांनी वरची माती बदलावी लागते. उंदरांचा त्रास मोठ्या काटेरी झाडाला सहसा होत नाही. बियांच्या वाफ्यावर मात्र बारीक जाळी घालावी. लहान मुले बाल्कनीत खेळत असतील तर कुंडी कोपऱ्यात, भिंतीकडे ठेवावी, कारण करवंदीचा काटा खोल जातो.

छाटणीविषयी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. करवंदीचा फुलोरा फांद्यांच्या शेंड्यांना येतो, त्यामुळे हिवाळ्यात आकार देण्यासाठी शेंडे छाटले तर त्या वर्षीचे फळ जाते. छाटणी करवंदे उतरल्यावर, पावसाच्या तोंडाशी करावी.

नव्या इमारतीत जागा मागताना समितीला आताच लेखी कळवावे की झुडूप तळघराच्या स्लॅबवरच्या उथळ मातीत न लावता कुंपणालगतच्या मोकळ्या जमिनीत लावायचे आहे. आराखडा मंजूर झाल्यावर तशी पट्टी मिळणे कठीण होते.